डायच्या पुढचा शब्द

आमच्या मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण इस्पितळात सगळे उलटंच धरून बसले होते. नाखोन सावनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पोरांना इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ शिकवला, बँकॉकला जाऊन करंडक आणले. पण एखादा गोरा माणूस वाट विचारायला दारात आला की हे न्हाणीघरात दडून बसायचे. शब्द हजारो पाठ, अर्थ एकाचाही नाही. "अर्थाला गुण मिळत नाहीत," म्हणायचे, "नुसता डोक्यात पसारा होतो."

ज्यांचा शेवट सारखा ते शब्द एका माळेत घोकायचे, ही त्यांची पद्धत. मास्तर डावखुरे. पहिला शब्द स्वतः म्हणायचे, डाव्या हाताचं बोट एका पोरावर रोखायचे आणि ओठ घट्ट मिटून बघत राहायचे. त्याने पुढचा शब्द म्हटला की त्याच्या पुढचा मास्तरांचा. पोरगं अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत डाय, फाय, हाय, लाय चालायचं आणि मागे मी लसूण तळत चरफडायची. माझे कान किटले होते.

आमची नून लहान असताना एकदा त्या घोळक्यात बसली होती. तिने विचारलं, "बाबा, डाय म्हणजे काय?"

"म्हणजे तीन अक्षरं. उठ, बाहेर जा."

ती उठली ती पुन्हा त्या खोलीत बसली नाही. इंग्रजी ती स्वतःच शिकली, अर्थासकट, आणि आता बँकॉकच्या एका हॉटेलात नोकरी करते. बापलेकीत त्यानंतर कामापुरतं बोलणं उरलं.

मास्तरांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. माझं नाव गेलं, लेकीचं गेलं, पाणी मागायचा शब्दसुद्धा गेला. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून तोंडात एकच शब्द राहिला, डाय.

मी पेजेचा चमचा पुढे केला की ते "डाय" म्हणायचे आणि दातावर दात आवळून माझ्याकडे बघत राहायचे. धक्का लागून सांडू नये म्हणून त्यांचा डावा हात दाबून धरून मी चमचा ओठांना लावायची, पेज हनुवटीवरून गळ्यात ओघळायची. नर्सने ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. तिने मला बाजूला नेऊन सांगितलं, "मावशी, त्यांना मरायचंय. तेच म्हणतायत ते."

"त्यांना त्याचा अर्थ माहीत नाही गं! ती शब्दांची माळ आहे. त्यातला तो पहिला शब्द."

"असेल मावशी," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या हाताचा असा राग आला!

डॉक्टर म्हणाले, त्यांना गिळता येतंय, मी तपासलंय, पण तोंडच उघडत नाहीत. नाकातून नळी घातली, ती यांनी उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. मग सलाइनही उपटतील म्हणून त्यांचा डावा हात फडक्यात गुंडाळून खाटेच्या दांडीला बांधला. डॉक्टरांनी विचारलं, "तिसऱ्यांदा घालायची, की घरी नेताय? तुम्ही घरचे ठरवा."

नून बँकॉकहून आली. बापाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझ्याकडे वळली.

"आई, पुरे. घरी नेऊ. निदान आपल्या माणसांत जातील."

"अगं, तुला हाकलून दिलं होतं ना अर्थ विचारलास म्हणून? विसरलीस?"

"तो शब्द शेंबड्या पोराला कळतो, आई. टीव्हीवर सिनेमे बघतात ना ते? बाबांना कळत नसेल?"

खरंच, मला तरी काय ठाऊक? एवढी वर्षं संसार केला, पण त्यांच्या डोक्यात काय आहे ते कधी विचारलं नाही. ते घोकायचे, मी चरफडायची. मी पदरी काही पुरावा नसलेली बाई, किती भांडणार? आणि ते रोज उतरत चालले होते, मनगटावर बांधलेला पांढरा मंतरलेला दोरा सैल होऊन कोपरापर्यंत घसरायला लागला होता. मी हो म्हटलं.

नूनने गाडी ठरवली. विहारात भिक्खूंना सांगून ठेवलं. पुढच्या खोलीत करंडकांच्या कपाटाखाली खाट लावून घेतली.

दुपारी गाडी खाली येऊन उभी राहिली. नर्सने सलाइन काढली आणि मला म्हणाली, "मावशी, हात सोडा त्यांचा." मी गाठ सोडली, फडकं उलगडलं. बोटं पांढरी पडली होती, ती चोळली. म्हटलं, जाताना तरी काहीतरी तोंडात जाऊ दे, आणि डब्यातला शेवटचा चमचा भरून पुढे केला.

"डाय," मास्तर म्हणाले, आणि तो सुटलेला हात वर आला. बोट माझ्यावर रोखलेलं. ओठ घट्ट मिटलेले.

देवा रे! ते जेवण नाकारत नव्हते. माझी पाळी होती, आणि इतके दिवस मी गप्प बसले होते.

"फाय," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, "फाय!"

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "हा... हाय."

"लाय."

"पाय," ते म्हणाले. शब्द संपला तरी तोंड उघडंच होतं, उत्तर मिळत गेलं तसा आवळलेला जबडा सुटला होता. मी चमचा आत सारला. गळ्याची घाटी वर गेली, थांबली. मग ती खाली आली.

बोट पुन्हा माझ्यावर. पुढचा शब्द? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला, आणि ऐन वेळी आठवेना. मी रडायला लागले. "पुढचं काय गं? नून, पुढचं काय?"

नून गाडीवाल्याचा फोन कानाला लावून दारात उभी होती. तिने फोन खाली घेतला.

"टाय," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वळवायला वेळ घेतला. "व्हाय," म्हणाले. माळ संपली.

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. हे असं किती दिवस चालेल, चमच्या-चमच्याने माणूस जगतो का, मला काही माहीत नव्हतं. मास्तरांचं बोट हवेत तसंच राहिलं, मग हळूहळू दाराकडे वळलं आणि लेकीवर जाऊन थांबलं.

"डाय," ते म्हणाले आणि ओठ मिटून वाट बघू लागले.

नूनने फोन बंद केला. खाटेच्या पायथ्याशी, त्या पोरांसारखी मांडी घालून ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "फाय." मी डब्याच्या कडांना लागलेली पेज खरवडून चमचा भरला.