देवीच्या कातड्यावरचा दुसरा घाव

दर मंगळवारी समुद्रपूरजवळच्या त्या गावात मांडवात पाय ठेवायला जागा नसे. चंद्रभान महाराज एक जाड काळा पट्टा सगळ्यांसमोर धरत, त्याला देवीचं कातडं म्हणत आणि पात्यानं त्याला खोल चीर देत.

"पाहा माउल्यांनो, देवीले घाव बसला! आता ना टाका, ना सुई, ना मलम!"

चीर दाबून पट्टा लाल कापडात बांधला जाई. संध्याकाळी कापड सोडलं की पट्टा सांधलेला! महाराज तो ताणून दाखवत. बाया रडत, माणसं लोटांगण घालत.

"देवीचं भरते, मंग तुमचं काऊन नाई भरणार?" असं म्हणत ते जखमेवर लावायला राख देत. अट एकच. डॉक्टरची सुई टोचली की देवी रुसते.

गावातल्या रूपरावांच्या पायात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, धसकट घुसलं होतं, त्यात साखरेचा आजार. त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईंनी, इन्सुलिन बंद करून राख सुरू केली. वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी त्यांची मुलगी मोहिनी सोमवारी घरी आली, तेव्हा अंगठा काळा पडला होता. घरभर कुजका वास होता.

"माय, बाबाले आत्ताच सावंगीच्या दवाखान्यात नेऊ."

"देवी भरून राह्यली, पोरी. तू मधात नको पडू."

रूपरावही हटेनात. "पट्टा भरला, तो म्या माह्या डोयानं पाह्यला."

बापाला उचलून नेणं तिच्या हातात नव्हतं. आधी तो पट्टा पाहायलाच हवा होता.

मंगळवारी सकाळी ती मांडवात अगदी पुढे बसली. पातं फिरलं आणि तिच्या नाकाला औषधी, उग्र वास आला. चिरेच्या कडांवर खसखशीहून बारीक दाणे चमकत होते. अशा रबराबद्दल तिनं वाचलं होतं. ती उठली.

"महाराज, मागच्या मंगळवारच्या रेघेवरही कापा."

"देवीले हुकूम सोडता का, मास्तरीणबाई?"

लोक तिच्यावर खेकसले. तेवढ्यात आनंदाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. "कापा ना, महाराज. पोरीची शंका जाऊ द्या. देवी काय एकदाच पावते?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी जुन्या रेघेवर पातं फिरवलं. यावेळी वास आला नाही.

संध्याकाळी कापड सुटलं. नवी चीर मिटली होती. जुनी मात्र उघडी पडून होती.

"हे रबर आहे," मोहिनी म्हणाली. "त्यात बारीक बारीक कुप्या भरल्या आहेत. चीर पडली का कुप्या फुटतात, आतला रस चिरेत उतरतो, घट्ट होतो अन् कडा जोडतो. माणसानं बनवलेली चीज आहे, देवीची नाई. एकदा फुटलेली कुपी पुन्हा भरत नाई. म्हणून हे दर वेळी नवी जागा कापतात. अन् माणसाच्या पायात अशी कुपी नसते!"

"देवी रुसली!" महाराज ओरडले. काहींनी तेही खरं मानलं. गोंधळात महाराज जीपमध्ये बसून निघून गेले. पट्टा त्यांनी कुठून आणला, ते कधीच कळलं नाही.

न भरलेली चीर पाहून रूपरावांनीही हट्ट सोडला आणि त्यांना त्याच संध्याकाळी सावंगीला नेलं. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आधी आणलं असतं तर अंगठ्यावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

"म्याच सुई बंद केली," आनंदाबाई पुटपुटल्या. मोहिनीनं त्यांचा हात धरला.

पुढच्या मंगळवारी रिकाम्या मांडवाशी बाया तरीही आल्या. आनंदाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बायांनो, चमत्कार दिसला का हात जोडाच्या आधी म्हणा, पुन्हा करून दाखवा. अन् जखम झाली का पहिले डॉक्टरले दाखवा. देव थांबते, जखम थांबत नाई."

काहीजणी तोंड फिरवून गेल्या. कडेवर लेकरू घेतलेली एक मात्र जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, सावंगीची बस कुठून भेटते?"