‘घ’पाशी थांबलेलं वाक्य

घशातली गाठ काढायची तर आवाजही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऑपरेशनला अकरा दिवस उरले होते. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. रडली एकच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीच्या खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या, लॅपटॉप उघडला आणि स्वतःचा आवाज साठवायला बसली. लेकीसाठी गोष्टी, पुढेमागे होतील त्या नातवंडांसाठी पाढे नि लटकं रागावणं आणि नवऱ्यासाठी, “अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या!” नवऱ्याचं चष्म्याचंच दुकान होतं; गावाला दृष्टी देणारा हा माणूस स्वतःचा चष्मा मात्र रोज हरवायचा.

सगळ्याची एक प्रत तिने बॅकअपच्या प्रोग्रामने छोट्या डिस्कवर कुलूपबंद करून ठेवली. परक्या कानांनी ऐकू नये म्हणून. पासवर्ड ठेवला लेक तीन वर्षांची असताना तिने विचारलेला प्रश्न, ‘चंद्राला आंघोळ कोण घालतं’. इंग्रजी अक्षरांत, सलग, मध्ये जागा न सोडता.

ऑपरेशन होऊन आवाज गेला, त्यानंतर दोन वर्षांनी लॅपटॉप कायमचा बंद पडला. चष्मेवाल्याने नवा आणला, त्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली, डिस्क जोडली. तिने शेजारी बसून वाक्य टाइप केलं.

‘पासवर्ड चुकीचा आहे.’

तिने पुन्हा केलं. मग त्याने केलं, एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. चुकीचाच.

तिने पाटीवर लिहिलं, “हेच आहे.” खाली दोन रेघा मारल्या.

त्याने प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली. “काका, हे कुलूप आम्हालाही उघडता येत नाही. प्रोग्राम चुकीचा म्हणतोय म्हणजे कुठेतरी आठवण्यात गडबड होतेय. काकूंना नीट आठवायला सांगा ना.”

महिनाभर त्यांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. कधी ‘घालतं’चं स्पेलिंग बदलून, कधी पहिलं अक्षर मोठं करून. तिने एक वही केली, फसलेला प्रत्येक पासवर्ड त्यात लिहून खोडायचा. एका रविवारी चाळिसाव्या पानावर त्याचा धीर सुटला.

“अगं, स्वतःचा आवाज कुठे ठेवलास एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या? डोक्याचं भुसकट झालंय नुसतं!”

तिने वही जवळ ओढली आणि तो पासवर्डही खोडला.

त्यानंतर ती स्वतःवरच विश्वास ठेवीनाशी झाली. गॅस बंद केला का हे चारदा बघून यायची. शेजारणीचं नाव लिहिण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघायची, बरोबर ना, अशी. त्याला ते दिसत होतं. सॉरी म्हणू, उद्या म्हणू, असं म्हणता म्हणता गाठ परत आली, आणि या वेळी कापण्यासारखी नव्हती. ती गेल्यावर त्याने वही उघडली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, न खोडलेली: “माझंच चुकलं असेल.”

सात महिन्यांनी दुपारी दुकानात फोन वाजला. तीच मुलगी.

“काका, तुमची तक्रार मी बंद केली नव्हती. आणखी तिघांचं असंच निघालं, म्हणून आमच्या लोकांनी जुना प्रोग्राम तपासला. तो पासवर्डची फक्त पहिली वीस अक्षरं घ्यायचा आणि बाकीची गुपचूप टाकून द्यायचा. नवा सगळी अक्षरं घेतो, म्हणून जुळत नाही. काकूंचं वाक्य बरोबरच होतं! तेच टाइप करा, फक्त विसाव्या अक्षरावर थांबा.”

त्याने शटर ओढलं, घरी गेला, फोन कानाशी धरूनच डिस्क जोडली. बोटांवर मोजत टाइप केलं. वीस अक्षरं ‘घालतं’च्या ‘घ’पाशीच संपली. पडद्यावर डिस्कची खिडकी उघडली. एकतीस फायली, एकाखाली एक.

“उघडलं,” तो म्हणाला.

“अय्या, खरंच? काकू जवळ आहेत का? त्यांना सांगा ना, तुमचं काही चुकलं नव्हतं म्हणून.”

“ती गेली गं. सात महिने झाले.”

मग मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “काका, मीच म्हटलं होतं, नीट आठवायला सांगा.”

“तू समोर लिहिलेलं वाचून दाखवलंस, पोरी. मी जे बोललो ते मला कुणी लिहून दिलं नव्हतं. एक कर. तिथे नुसतं ‘चुकीचा आहे’ लिहू नका. चूक आमचीही असू शकते, एवढं लिहा.”

“सांगते वरच्यांना. ऐकतील की नाही, माहीत नाही.”

संध्याकाळी त्याने लेकीला सगळ्या फायली पाठवल्या. स्वतः मात्र चार दिवस त्यांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी, न बघता, मधलीच एक सुरू केली. तिचा आवाज आला, खणखणीत, वर्गातला. लॅपटॉपसमोर हात जोडून तो म्हणाला, “चुकलं माझं. तुझं बरोबर होतं गं.”

ती नऊचा पाढा म्हणत होती. नव्वदपर्यंत म्हणत राहिली.