एकटं वाटतं का?

आमच्या मार्गदर्शक मॅडमना विद्यार्थी ‘कात्री’ म्हणतात. समोर ठेवलेल्या कुठल्याही वाक्याचं शेपूट त्या बोलता बोलता उडवतात, म्हणून. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण त्यांच्या खोलीत शिरलं की माझी बोबडी वळायची. वीस वर्षं वॉर्डात भल्याभल्या सर्जनांशी भांडलेली नर्स मी, आणि सामाजिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रकल्पापायी या बाईंसमोर शाळकरी पोरीसारखी उभी!

विषय मी हट्टानं घेतला होता: घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या बायकांचा एकाकीपणा. प्रश्नावली परभाषेतली होती, मराठीत मीच आणली. ‘एकाकी’ हा शब्द मला फारच पुस्तकी वाटला, म्हणून लिहिलं, ‘आठवड्यातून किती वेळा तुम्हाला एकटं वाटतं?’ स्वतःवर जाम खूश होते मी. मोजक्या घरांत जाऊन चाचणी घेतली, उत्तरं संगणकात भरली आणि निकाल कात्रींच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“तुमच्या आकड्यांप्रमाणे, ज्या बाईला जितकं जास्त एकटं वाटतं, तितकी ती जास्त आनंदी. झोप उत्तम, भूक उत्तम. एक तर तुम्ही मोठा शोध लावलाय, नाहीतर कुठेतरी माती खाल्लीय.”

“शोध असू शकतो ना, मॅडम?”

“शुक्रवारी समिती बसतेय. तोवर उलगडा करा. नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी? हॉस्पिटलनं अभ्यासाची रजा एकदाच दिली होती, तीही मी मेट्रनच्या डोक्यावर बसून मिळवलेली. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही. जिन्यावरच माझे डोळे भरून आले, आणि मग स्वतःचा असा राग आला की डोळ्यांदेखत बस गेली तरी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या यादीतल्या सर्वांत आनंदी बाईंचं दार ठोठावलं. त्या गणिताच्या शिक्षिका. सासरे अंथरुणाला खिळल्यावर नोकरी सोडलेली. माझ्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर देताना त्यांचा चेहरा चांगला उजळला होता. मला ते दिसलं होतं, आणि तरी मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला होता.

“बाई, रोज एकटं वाटतं म्हणजे नक्की काय होतं?”

“अहो, दुपारी बाबांचा डोळा लागतो. मी आतल्या खोलीचं दार लोटून घेते आणि पाय पसरते. कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही. काय सांगू, असं मस्त एकटं वाटतं!” माझ्या हातात चहाचा कप देत त्यांनी विचारलं, “तुम्हाला नाही का वाटत कधी?”

मी कपाळावर हात मारला. अर्धा चहा बशीत सांडला.

“मग जीव नकोसा कधी होतो?”

“ते होय! नणंदा येतात, दीर येतात. सगळे बाबांभोवती बसून हसतात-खिदळतात, मी आत कप विसळत असते. जाताना विचारतात, औषधं वेळेवर देतेस ना? तू कशी आहेस, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. घरभर माणसं, आणि माझ्याशी बोलायला कोणी नाही.”

“त्याला तुम्ही काय म्हणता?”

त्यांनी जरा विचार केला.

“पाहुणे.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या अंथरुणातून आजोबा ओरडले, “अगं पोरींनो, मलाही सांगा की!”

हे सगळं जाऊन सांगितलं तेव्हा कात्रीसुद्धा हसल्या. त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. मग आम्ही दोघींनी बसून प्रश्न नव्यानं लिहिले. एकटं राहायला मिळतं का, हा वेगळा. माणसांत असूनही परकं वाटतं का, हा वेगळा. सगळं जमून आलं असं वाटत होतं, तेवढ्यात कात्री चालली.

“तुम्ही गेलात तेव्हा चहा कोणी केला?”

“त्यांनीच.”

“म्हणजे तुम्हीही पाहुण्याच.”

मी वहीत ‘चहा’ लिहून खाली रेघ मारली.

“या वेळी आजोबांपाशी तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या. “बाईंना दार लावून निवांत लिहू द्या. असा एक तरी भरलेला फॉर्म समितीपुढे हवा. त्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

शुक्रवारी दुपारी बाई नवा फॉर्म आणि पेन घेऊन आत गेल्या. मी आजोबांच्या पलंगाशी बसले. त्यांनी उशीखालून पत्ते काढले आणि पहिल्याच डावात उघड उघड लबाडी केली. मीही केली. आमचं छान जमलं. डावावर डाव झाले, पण दार काही उघडेना. समिती बसायची वेळ जवळ येत चालली, तशी मी उठले. मी दाराला कान लावला.

आत बाई दणदणीत घोरत होत्या.

“सूनबाई झोपली वाटतं,” आजोबा म्हणाले. “हाक मारू?” आणि त्यांनी छाती भरून श्वासही घेतला.

रजा, मेट्रन, पदवी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक हाक पुरली असती. कोणाची झोप मोडायची आणि कोणाची नाही, हे वॉर्डात वीस वर्षं मीच ठरवत आले होते; पण एवढा विचार कधी करावा लागला नव्हता. मी आजोबांच्या तोंडावर हात ठेवला.

“खबरदार!”

मग स्वयंपाकघरात जाऊन कात्रींना फोन लावला. “मॅडम, फॉर्म नाही मिळणार,” मी कुजबुजले. “त्या गाढ झोपल्यात.”

“घोरताहेत?”

“हो.”

“कधीपासून?”

“बराच वेळ झाला असावा.”

“उठवलंत तर तुमचं मार्गदर्शन सोडीन. समितीचं मी बघते.” फोन बंद.

उन्हं कलल्यावर बाई बाहेर आल्या. गालावर उशीचे वळ, हातात कोरा फॉर्म. “अगंबाई, मला मेलीला झोपच लागली! सिस्टर, तुम्ही उठवायचं नाही का? तुमचं काम बुडलं ना माझ्यामुळे?” त्या अगदी रडकुंडीला आल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कात्रींचा संदेश होता: ‘मंजूर. फॉर्म का आला नाही ते समितीला सांगितलं. आधी विश्रांती, मग प्रश्न, अशी पद्धत लिहून आणा. शुद्धलेखन भयंकर आहे. सोमवारी या.’

मी तो मोठ्यानं वाचला, दुसऱ्यांदा त्याहून मोठ्यानं वाचला, आणि बाईंना कडकडून मिठी मारली. आजोबांनी पत्ते उधळले. ते हरत होते, हेही त्यामागचं एक कारण असावं.

बाईंना मात्र हिशेब लागत नव्हता. “म्हणजे मी झोपले, म्हणून तुम्ही पास?”

“हो!”

“मग उद्याही या की!”

दुसऱ्या दिवशी मी गेले. फॉर्म घरीच ठेवला होता.