कडी आतून

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला अर्धी गोष्ट मिळते आणि अर्धी पुढच्याची पाठ. आजची गोष्ट हट्टाची आहे. देवाला हट्टी माणसं आवडत असावीत, नाहीतर त्यानं एवढी घडवली नसती.

गावच्या चौकात सैनिकांचं स्मारक आहे. फार जुन्या लढाईत गेलेल्या मुलांचं. ती परक्या मुलखात पडली. घरी ना देह आला, ना राख. म्हणून ज्यांनी स्मारक बांधलं त्यांनी खाली एक रुंद पायरी ठेवली, आयांना टेकायला. त्या आया गेल्या. पायरी राहिली, आणि पायरीवर आत्याबाई. त्यांच्या थोरल्या काकांचं नाव त्या दगडावर आहे. लहानपणी आजीच्या कडेवर बसून, आता दुखरे गुडघे ओढत, त्या रोज दुपारी यायच्या. शेंगा सोलायच्या, काकांना घरातल्या कुरबुरी सांगायच्या.

समितीच्या नव्या अध्यक्षांना हे खुपलं. पावित्र्य राहिलं पाहिजे, म्हणाले. भोवती लोखंडी कठडा, फाटकाला कुलूप. वर्षातून एकदा उघडायचं, हार घालायचा, बंद करायचं. आणि काम मिळालं कुणाला? आत्याबाईंच्या वेल्डर जावयाला. देव थट्टा करतो ती अशी.

तीन बाजू उभ्या राहिल्या. चौथ्या बाजूला फाटक बसवायला जावई आला, तर सासूबाई पायरीवर.

"आत्याबाई, उठा ना. ठिणग्या उडतील."

"उडू द्या, जावईबापू. इथल्यांनी तोफा पाहिल्यात."

"तुम्ही कुठं पाहिल्यात?"

"माझ्या माणसांनी पाहिल्यात. तुमचं चालू द्या."

"अहो, आत अडकाल."

"अडकेन की. डबा गजांमधून द्या. आणि लेकीला सांगा, मीठ जरा हात राखून घाल."

वेल्डरनं कपाळ पुसलं. "समितीचं काम आहे. नाही कसं म्हणू?"

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणते." आत्याबाईंनी टरफलं पदरात गोळा केली. "बाहेरून कडी लावतात ती कैद्याला. ह्या पोरांनी काय दरोडे घातले होते? घराच्या दाराला कडी आतून असते, जावईबापू. कुणाला घ्यायचं ते आतला ठरवतो."

जावई चष्मा चढवून कामाला लागला.

संध्याकाळी अध्यक्ष नवंकोरं कुलूप घेऊन आले. फाटक झकास झालं होतं, पण कुलूप अडकवायला कोयंडाच नव्हता. कडी होती ती आतल्या बाजूला, सरकती, कुलपाला भोकसुद्धा न ठेवलेली. आणि आत आत्याबाई.

"हे काय केलंस?" अध्यक्ष वेल्डरवर उखडले.

"कडी लावा म्हणालात, लावली."

"साखळी आणतो. साखळीनं बांधतो."

"बांधा," आत्याबाई आतून म्हणाल्या. "मी काही उठत नाही. वर्षानं हार घालायला याल, तेव्हा एक मलाही आणा."

बघ्यांत हशा पिकला. त्या दगडावर पोस्टमनच्या आजोबांचाही भाऊ होता. पोस्टमननं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "आत्याबाई, मला घ्या आत." मग शिंपीणबाई आल्या, मग आणखी कुणी. पायरी भरली. आत्याबाईंनी अध्यक्षांसाठीही कडी सरकवली. "या, दमला असाल. तुम्हीही कुणाच्या तरी घरचे आहातच."

अध्यक्ष बसले नाहीत. कुलूप खिशात घालून निघून गेले. वेल्डरला समितीचं काम पुन्हा मिळालं नाही. साखळी अजून आलेली नाही. आलीच, तर पायरीवर माणसं आहेत.

आता माझं एवढं ऐका. आत्याबाईंचे थोरले काका पाण्याला फार भ्यायचे, विहिरीच्या काठाशीसुद्धा जायचे नाहीत. त्यांना बोटीत बसवून समुद्रापार नेलं. कठडा घट्ट धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत ते गेले. तुम्ही कधी पाण्यात पाय सोडून बसाल, तेव्हा क्षणभर त्या घाबरट पोराला आठवा.