थरथर नेमकी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. काड्यापेटीहून लहान, कडा घासलेल्या, वायर दोनदा डाग देऊन जोडलेली. चालू यंत्राला चिकटून त्याची थरथर मोजायची, हे माझं काम. त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. शेजारून कुणी चाललं तरी मला कळतं. पण मला तोंड नाही. मी फक्त आकडे देतो.

कारखान्यातून मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलो. पहिली दोन वर्षं मला फडक्याने पुसून ठेवायचे. मग नवे सेन्सर आले आणि मी खणात गेलो. पलीकडे यंत्रं चालायची, आणि आत माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

एके दिवशी खण उघडला तो पदव्युत्तर वर्गातल्या एका मुलीने. तिला प्रबंधासाठी स्वतंत्र प्रकल्प करायचा होता : मोटरचं बेअरिंग झिजलंय, हे थरथरीवरून ओळखणारा प्रोग्राम. वर्कशॉपचे काका तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत, कारण ती आली की प्रश्न सुरू.

सकाळी मोटरमध्ये चांगलं बेअरिंग असायचं, तेव्हाच्या नोंदी ती घ्यायची. जेवणाच्या सुट्टीनंतर काका झिजलेलं बसवायचे, मग त्याच्या नोंदी. तीन आठवडे हाच क्रम. प्रोग्राम शंभरापैकी सत्त्याण्णव वेळा बरोबर सांगू लागला.

“जुना असला तरी कामाचा निघाला हो,” काकांनी माझं कौतुक केलं. मला मात्र चैन नव्हती. दुपारी फरशीतून आणखी एक थरथर यायची. तीही मी इमानाने आकड्यांत पाठवत होतो. ती कुणाची, हे कुणी विचारलंच नाही.

प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. त्या दुपारी झिजलेलं बेअरिंग असताना प्रोग्राम म्हणाला, बेअरिंग उत्तम. तिने पुन्हा नोंद घेतली. उत्तम. तिने माझी वायर तपासली, मला काढून परत चिकटवलं.

“काका, चुकून चांगलंच बसवलंत का?”

“ही खडखड बहिऱ्यालाही कळेल. तुझ्या प्रोग्रामलाच झोप लागली असेल. त्यात आज पंखा बिघडलाय, नुसता उकडून निघालोय.”

“कुठला पंखा?”

“हा काय, भिंतीतला. रोज जेवून आलो की लावतो ना मी.”

तिने सगळ्या नोंदींच्या वेळा पुन्हा पाहिल्या. सकाळी पंखा बंद, दुपारी चालू. तिचा प्रोग्राम बेअरिंग ओळखायला शिकलाच नव्हता. पंखा लागला की नाही, एवढंच तो ओळखत होता.

तिने मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. “मुदत काही वाढणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “प्रकल्प तुझा आहे. काय करायचं ते तू ठरव.”

ती येरझारा घालू लागली. चार पावलं इकडे, चार तिकडे. प्रत्येक पाऊल मला लागत होतं. “परीक्षकांना नाही सांगितलं, तर त्यांना कुठे कळणार आहे?” ती पुटपुटली. मग पावलं थांबली.

“काका, पंखा दुरुस्त करून घ्या. आता दोन्ही बेअरिंगं सकाळीही लावायची, दुपारीही. पंखा चालू ठेवून आणि बंद करून.”

“माझी बोटं किती झिजलीत ते आधी बघ तुझ्या त्या सेन्सरच्या डबीने,” काका कुरकुरले, पण पाना हातात घेतलाच.

सहा दिवस आम्ही तिघं मोटरला चिकटून होतो. नवा आकडा आला एकाहत्तर. तिने तोच छापला.

परीक्षक प्रयोगशाळेत आले, पानं उलटू लागले. “एवढी मेहनत आणि फक्त एकाहत्तर?”

“आधी सत्त्याण्णव होते, सर. पण ते पंख्याचे होते.”

त्यांनी चष्मा काढला, खुर्ची ओढली. “बसा. हे मला पहिल्यापासून सांगा.”

मित्रांनो, मला जपा. माझी वायर पिळून ठेवू नका, मला पाडू नका. पण मला चिकटवण्याआधी एकदा मान वर करून बघा, आसपास आणखी काय काय चालू आहे. मी सगळी थरथर सांगेन. ती कुणाची, हे तुम्हालाच उठून शोधावं लागेल.