फोनची शाबासकी

"सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू हो?"

लिफ्टवाले काका दारातच हात जोडून उभे राहिले. काकांची बायको जाऊन महिना होत आला होता. रजा संपवून ते आजच हॉस्पिटलात आले होते आणि लिफ्टकडे न जाता आधी सिस्टरच्या शिकवणीच्या खोलीत. मागे त्यांची मुलगी उभी होती.

"उपकार कसले, काका..."

"ती वाचली नाही, ते आमचं नशीब. पण मी हात बांधून बसलो नाही ना! ॲम्ब्युलन्स येईस्तोवर पलंगावर चढून छाती दाबत होतो, तुम्ही शिकवलं तसंच. फोन हाताला बांधून. तो आपला सारखा म्हणत होता, छान, असंच चालू ठेवा. तेवढाच जिवाला आधार. आता हिलाही शिकवा."

सिस्टरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, त्याची ही फोनची शिकवणी तिचीच. फोन हाताच्या पाठीवर बांधायचा आणि सरावाच्या माणसाएवढ्या बाहुल्याची छाती दाबायची. हात पुरेसा खाली गेला की फोन शाबासकी देणार, नाहीतर 'अजून खोल' म्हणून कुरकुरणार. सुरुवातीला बाहुला जमिनीवर असायचा, तेव्हा पास होणारा विरळाच. शिवाय हिचे गुडघे बोलायचे. मग एक दिवस तिनं बाहुला उचलून पलंगावर, जाड गादीवर ठेवला. काय जादू! वॉर्डबॉयपासून वॉचमनपर्यंत सगळे धडाधड पास. मोठ्या डॉक्टरांनी तिचं भर मीटिंगमध्ये कौतुक केलं.

फोनला बिचाऱ्याला काय कळणार? हात खाली गेला एवढंच त्याला समजतं. छाती दबली की गादी, ते नाही. पण हिला तर डोळे होते! गादी खचतेय हे तिला तेव्हाही दिसत होतं. सगळे खूश आहेत, तर आपण कशाला खुसपट काढायचं, असं म्हणून ती गप्प बसली. काकांच्या घरची बातमी आली त्या दिवशी मात्र तिनं बाहुला गुपचूप खाली काढला. कुणाला एक अक्षर बोलली नाही.

"अरेच्चा, बाहुला जमिनीवर कसा?" काका म्हणाले. "पलंगावर होता ना?"

गादी धुवायला गेलीय, हे अगदी जिभेवर आलं होतं. मुलगी वही उघडून, पेन सरसावून तिच्याकडे बघत होती.

"काका, पलंगावर शिकवलं ते चुकीचं होतं. माणसाला खाली कडक जमिनीवर घ्यावं लागतं. गादीवर जोर वाया जातो. फोन फसतो."

काकांनी बाहुल्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी गादी दाबत होतो?"

"थोडा दाब छातीवरही पडला असेल. आणि खाली घेतलं असतं तरी वहिनी वाचल्याच असत्या असं..." बोलता बोलता तिला स्वतःची किळस आली. "मला दिसत होतं, काका. तरी मी तसंच शिकवलं. चूक माझी आहे."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी चपला काढल्या, गुडघे टेकून बाहुल्याशेजारी बसले आणि हात पुढे केला. तिनं फोन बांधला.

"अजून खोल," फोन म्हणाला. काकांनी कोपरं ताठ केली, सगळा भार टाकला. "अजून खोल." शर्ट पाठीला चिकटला. मग एकदाचा फोन म्हणाला, "छान, असंच चालू ठेवा."

"बाबा, जमलं तुम्हाला. उठा आता," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

काका थांबेनात.

सिस्टर समोर गुडघ्यांवर बसली. दाबणारा दमला की दुसऱ्यानं जागा घ्यायची, हेही तिनंच शिकवलं होतं.

"दमलात काका. आता मी घेते."

काकांनी मान न उचलताच नकार दिला आणि ते दाबत राहिले. सिस्टर हात पुढे करून तशीच बसून राहिली.