वरच्या आळीचं सोनं

"सोनारबिनार काही नको! वरच्या आळीचं सोनं खालच्या आळीच्या माणसापुढे ठेवायचं? थू!" ओफेलिनाने खोक्याची चिकटपट्टी स्वतःच नखाने सोलली आणि आतली चपटी साखळी अमिंताच्या तळहातावर ओतली. "बघ, कोमाद्रे. फोनवर दिसत होती त्याहून उजवी आहे की नाही?"

साखळी उजवी होती, पिवळीजर्द होती. अमिंताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती कॉफी गाळायला आत गेली.

लास ताब्लास गावात माणूस एकतर वरच्या आळीत जन्मतो, नाहीतर खालच्या. वर्षभर सगळे एकाच भट्टीचा पाव खातात, एकाच पाद्रीपुढे गुडघे टेकतात. पण कार्निव्हल जवळ आला की एका आळीची राणी दुसऱ्या आळीला डोळ्यांपुढे नको होते आणि एकमेकींची उणीदुणी काढणारी गाणी भर चौकात बँडवर वाजतात. गावात धड सोनार एकच, लेओ, आणि तो खालच्या आळीचा. त्यांच्या राणीचा मुकुट तोच घडवतो. त्यामुळे वरच्या आळीच्या बायका तुटलेला फासा जोडायलाही बसने राजधानी गाठतात. हा वेडेपणा आहे हे त्यांनाही कळतं, पण शहाणपणावर आळी चालत नाही.

अमिंताचा धंदा पोयेरा नेसवण्याचा. पांढऱ्याशुभ्र कापडावर हाताने भरलेला तो घेरदार झगा एकटीने अंगावर चढवता येत नाही. वेण्या घालायच्या, केसांत थरथरणारी मोत्यांची फुलं खोवायची, आणि मग गळ्यात एकीखाली एक सोन्याच्या साखळ्या टाचायच्या. उभा जन्म तिने दुसऱ्यांच्या मुलींना दुसऱ्यांचं सोनं घातलं. तिची स्वतःची यारिएला मात्र भाड्याच्या सोन्यात नाचायची. मिरवणूक संपली रे संपली की सोन्याची मालकीण दारात येऊन उभी राहायची आणि पोरीचा घाम पुसायच्या आत गळ्यातलं उतरवून न्यायची. अमिंता तेव्हा हसून "ग्रासियास" म्हणत आभार मानायची. ते हसू तिला वर्षभर जाचायचं.

म्हणून यंदा तिने आईचे कानातले मोडले. जुने होते, जड होते, आणि घरात खरं सोनं म्हणावं असं तेवढंच होतं.

दुकान ओफेलिनाने दाखवलं होतं, फोनवर. वर त्यांच्या आळीचा झेंडा, खाली तारीफ करणाऱ्या बायकांची रांग. ओफेलिना म्हणजे यारिएलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याला पोर तिच्याच हातांवर होती. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे बहिणीहून जवळच्या.

यारिएला औषधांच्या दुकानात कामाला. तिने फोन हातात घेऊन दहा फाटे फोडले होते. "ममा, पैसे सगळे आधीच कशाला? दुकानाचा पत्ता कुठे लिहिलाय? कॅरेटचा शिक्का जवळून दाखवा म्हणावं. पसंत नाही पडलं तर परत घेतील का? आणि या तारीफ करणाऱ्या बायका, एकीचंही आडनाव ओळखीचं नाही."

"आपल्या आळीची बाई आहे ती," अमिंता म्हणाली होती.

"झेंडा कुणीही लावतं गं!"

"आणि धर्ममाता काय खोटं बोलेल? तिने स्वतः घेतलीय."

यावर यारिएलाने फोन आईच्या हातात परत दिला. धर्ममातेचं नाव आलं की त्या घरात बोलणं तिथेच मिटायचं.

कार्निव्हलच्या दोन रविवार आधी अमिंताने लेकीला पोयेरा चढवून पाहिला. ऊन मी म्हणत होतं. यारिएला अंगणात चार गिरक्या घेऊन आली तेव्हा तिच्या मानेवर शेवाळी रेघ उमटली होती, आणि भरतकामाच्या पांढऱ्या कडेवर तोच डाग.

"मलम लावलं असशील काहीतरी," अमिंता म्हणाली.

"नाही लावलं, ममा."

"मग साबण असेल."

यारिएलाने मान पुसली. तिने साखळी काढून टेबलावर ठेवली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अमिंताला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या आळीत गेली. चौक टाळून कालव्याच्या बाजूने गेली, डोक्यावरून शाल घेऊन, चोरासारखी. तरी दोन ओसऱ्यांवरच्या बायकांच्या माना वळल्याच.

लेओ सोनाराने तिला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. साखळी काळ्या कसोटीवर घासली, पिवळ्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ बघता बघता पुसली गेली. दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं, पण फसलेल्याला ते दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून बघावं लागतं.

"पितळ आहे, बाई. वर नुसता मुलामा."

"बरं," अमिंता म्हणाली.

लेओ जरा घुटमळला. "एक विचारू? राग नका मानू. ओफेलिनाबाईंनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"नाताळात त्या अशीच साखळी घेऊन आल्या होत्या. अगदी हीच. मी त्यांच्यासमोर कसाला लावली होती."

अमिंताने साखळी रुमालात बांधायला घेतली. गाठ नीट बसेना. ओफेलिनाने तिला दुकान दाखवलं ते नाताळानंतर, जानेवारीतला तीन राजांचा सण उलटून गेल्यावर.

"माझी बायको यंदा मिरवणुकीत नाही," लेओ हळूच म्हणाला. "तिच्या साखळ्या नुसत्या पडून आहेत. मुलीसाठी हव्या असतील तर..."

"देव तुमचं भलं करो, डॉन लेओ. पण उसनं सोनं पुरे झालं आता."

ओफेलिना ओसरीवर मक्याच्या टिक्क्या थापत बसली होती.

"तू गेली होतीस त्याच्याकडे," अमिंता म्हणाली.

कुणाकडे, असं ओफेलिनाने विचारलं नाही. हातातली टिक्की थापतच राहिली, कडा फाटेपर्यंत. "हळू बोल गं. त्या लोकांच्या कानावर गेलं तर कार्निव्हलच्या मंगळवारी आपल्यावर गाणं करतील."

"तुला कळलं होतं. आणि कळल्यावर तू माझ्याकडे आलीस."

"मी काय करू? माझेही पैसे बुडाले होते. ती दुकानवाली बाई म्हणाली, एक गिऱ्हाईक आणून दे, तुझे तुला परत करते."

"म्हणून मी सापडले?"

"मग कुणाकडे जाऊ?" ओफेलिनाला रडू फुटलं. "दुसऱ्या कुणी माझ्यावर एवढा विश्वास ठेवला असता?"

त्या दुकानवालीने सोन्याच्या नावाखाली पितळ विकलं ते परवडलं. तिचं तोंडही अमिंताने पाहिलं नव्हतं. पण ही? ही बाळंतपणात उशाशी बसलेली, हिच्या हातचं सूप पिऊन अमिंता उठून उभी राहिली होती.

"आईचे कानातले होते ते," ती म्हणाली. "केसाने गळा कापलास माझा."

"तुझे पैसे मी फेडीन, कोमाद्रे. पुढच्या वर्षी..."

अमिंता तोवर पायरी उतरली होती.

कार्निव्हलच्या मंगळवारी अमिंताच्या घरी सकाळपासून बायकांची रीघ लागली. यारिएला सगळ्यांत आधी तयार झाली. केसांत फुलं, अंगावर डाग धुतलेला पोयेरा, गळ्यात फक्त काळी मखमली फीत. साखळी एकही नाही. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. यारिएलाने आरशात मान ताठ केली आणि म्हणाली, "हलकं वाटतंय, ममा." आणि ती गेली.

दुपारी ओफेलिना आली. दरवर्षी यायची तशीच, पोयेरा हातावर घेऊन. आणि गळ्यात तिची स्वतःची पितळी साखळी; आळीभर मिरवलेली, आता काढणार कशी? दारातच थबकली. अमिंताने खुर्चीकडे बोट केलं.

तिने वेण्या घातल्या. फुलं खोवली. एकही टाचणी ओफेलिनाला टोचली नाही. चौकातून खालच्या आळीचा बँड ऐकू येत होता. नव्या गाण्यात वरच्या आळीच्या राणीच्या नाकाची टर होती, तिच्या मामाच्या दारूची होती. पितळेबद्दल एक अक्षरही नव्हतं. लेओने तोंड मिटून ठेवलं होतं. ओफेलिना कान देऊन ऐकत होती आणि तिचा श्वास हळूहळू मोकळा होत होता.

साखळी टाचायची वेळ आली. अमिंताने पांढऱ्या मलमलीची एक चिंधी फाडली, घडी केली, आणि साखळी व मान यांच्या मध्ये बाहेरून दिसणार नाही अशी बसवली. घाम आला की हिरवा डाग पडू नये म्हणून.

ओफेलिनाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "कोमाद्रे..."

"हलू नका, सेन्योरा," अमिंता कुणाही परक्या गिऱ्हाइकाला म्हणते तसं म्हणाली. तिने शेवटची टाचणी लावली, घेर झटकून सरळ केला, आणि इतक्या वर्षांत ओफेलिनापुढे कधीच केला नव्हता तो हात मजुरीसाठी पुढे केला.